नागपुरात झाडावर चढून फांद्या छाटायच्या तर

भाऊ, चेनसॉ नंतर घ्या, आधी हेल्मेट, गॉगल, हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) अन् चांगला दोर घ्या. गुलमोहराची फांदी ठिसूळ असते, तिला अँकर, म्हणजे आपला भार पेलणारा दोर, बांधायचाच नाही. जाड फांदी एका घावात कापली की साल खोडापर्यंत सोलत जाते, म्हणून आधी खोडापासून फूटभर दूर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा बाहेर वरून, फांदी पडली की उरलेलं ठूठ कॉलरच्या (फांदी खोडाला जुळते तिथला फुगीर भाग) बाहेरून कापा, खोडाला चिकटून नाही. भुसा पिठासारखा पडायला लागला म्हणजे चेनची धार गेली, फाईल मारा, जोर नका लावू. मे महिन्यात पारा ४५ ला टेकते, तवा पहाटेच सुरू करा. विजेची तार जवळ असेल तर लाईन बंद केल्याशिवाय चढूच नका, अन् १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार मनपाची परवानगी मालकाकडे आहे का तेही बघा, कागद पाहूनच दोर टाका.