घरच्या मिलिंग मशीनची लेव्हल कशी काढावी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघालेलं जुनं मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र) नाशिकमध्ये कुणाच्या तरी घरामागच्या शेडमध्ये येऊन बसतं, आणि जॉब, म्हणजे कापलेला तुकडा, चौकोनात निघाला नाही की सगळा दोष लेव्हलवर जातो. खरं तर मशीन थोडं कललेलं असलं तरी कट सरळच येतो. काम बिघडतं ते मशीन पिळलं तर. चारपैकी एक पाय अधांतरी असताना बोल्ट आवळला, की ओतीव लोखंडाचा बेसही पिळतो. लेव्हल काढायची ती या पिळासाठी.

आधी जमीन बघा. फरशीवर हातोडीची मूठ ठोकली आणि पोकळ आवाज आला, तर त्या जागी पाय ठेवू नका. फरशी काढून काँक्रीट करा. शेड काळ्या मातीवर असेल तर पावसात ती फुगते नि उन्हाळ्यात आक्रसते, हे धरूनच चाला.

गवंड्याची पाणसळ इथे चालत नाही. बुडबुडा एक रेघ सरकला की मीटरमागे 0.02 मिमीचा चढ दाखवणारी मशिनिस्टची लेव्हल हवी. विकत घेण्याइतकं काम नसेल तर ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन दिवसांसाठी मागून आणा. आणली की आधी तीच तपासा: मशीनच्या टेबलावर ठेवून बुडबुडा वाचा, मग त्याच जागी तिच्या टोकांची अदलाबदल करून पुन्हा वाचा. दोन्ही वेळा बुडबुडा टेबलाच्या एकाच टोकाकडे तेवढाच गेला, तर लेव्हल बरोबर. नाहीतर दोन वाचनांची सरासरी धरा.

मेन स्विच बंद करा. टेबल पुसा, टी-स्लॉटच्या (टेबलातल्या लांब खाचांच्या) कडांवरचे बारीक खवले तेलाच्या दगडाने घासून काढा, टेबल मधोमध आणा. आता लेव्हल आधी टेबलाच्या लांबीत, मग तिला काटकोनात ठेवून वाचा. बुडबुडा जातो ती बाजू उंच. समजा तो उजवीकडे तीन रेघा गेला आणि पायांमधलं अंतर 600 मिमी आहे: 3 × 0.02 × 0.6, म्हणजे डावीकडच्या पायांखाली 0.036 मिमी पॅकिंग (भरायची पातळ पट्टी). पितळी पत्रा चालतो. पुठ्ठा नको, तो दबतो. मशीन पहारीने उचलताना खाली लाकडी ठोकळा ठेवा आणि बोटं लांब ठेवा. मिलिंग मशीनचं वजन वरच्या अंगाला असतं, ते पटकन कलतं.

तीन पायांवर लेव्हल जमवा, चौथ्याखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) जेमतेम सरकेल एवढंच पॅकिंग भरा. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा आणि दर वेळी बुडबुडा बघा. मी पहिल्यांदा एकच बोल्ट जोर लावून आवळला आणि तासाभराची मेहनत दोन मिनिटांत वाया घालवली. आवळताना बुडबुडा सरकला, तर त्या पायाचं पॅकिंग चुकलं आहे.

आता चौकोनाचं खरं काम. स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) डायल गेज (टोक दाबलं की बारीक फरक दाखवणारं) लावा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि हाताने फिरवत डायलचं टोक टेबलावर 200 मिमीच्या वर्तुळात सरकवा; टी-स्लॉट आले की डायलचं टोक वर उचला. डावं-उजवं रीडिंग 0.02 मिमीच्या आत येईपर्यंत हेड (स्पिंडल असलेला वरचा भाग) हलक्या हाताने फिरवा. हेडचे बोल्ट आवळल्यावर पुन्हा वाचा, कारण आवळताना ते थोडं सरकतंच. पुढे-मागे फरक आला आणि हेड त्या दिशेने वळत नसेल, तर पायांखाली पॅकिंग घालून तो जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी लेव्हल पुन्हा ठेवून बघा, पावसाळा संपल्यावर आणखी एकदा.