एआयला तुमच्याच पत्रकातून उत्तर द्यायला कसं लावावं

जुलै उजाडला, हापूसच्या कलमांना कल्टार (वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) घालायची वेळ आली, की आमच्याकडचे बागायतदार हल्ली मात्रा एआय चॅटला विचारतात. खुशाल विचारा. पण "दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार सांग" एवढं लिहिलं की भागतं, हा सल्ला कुणी दिला असेल तर तो सोडून द्या. नुसतं नाव घेतल्याने शिफारस त्याच्यापुढे येईलच असं नाही. इकडचं तिकडचं उत्तर विद्यापीठाच्या नावावर खपतं. विद्यापीठाचं शिफारशीचं पत्रकच त्याला द्यायला हवं.

जोडायला काही लागत नाही: क्लिपचं किंवा अधिकचं चिन्ह, फाइल, झालं.

खरी मेख पुढेच आहे. जोडलेलं पत्रक त्याला वाचता येतंय का? जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडआधीच्या फॉन्टमधल्या असतात. पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांचा काला. मी यात अख्खा जुलै घालवला. पत्रकात मात्रा झाडाच्या विस्तारावर होती, व्यासाच्या दर मीटरला 3 मिली. उत्तर येत होतं झाडाच्या वयावर, आणि तेही ठामपणे. कुंपणाकडच्या माझ्या 6 मीटर विस्ताराच्या कलमाला 18 मिली लागतं हे तोंडपाठ होतं, म्हणून चूक ध्यानात आली. नवख्याने तसंच ओतलं असतं. मात्रा जास्त झाली तर फुटवे आखूड राहतात, मोहोर आवळून येतो, आणि औषध जमिनीत टिकून राहतं.

म्हणून आधी पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करून चॅटमध्ये पेस्ट करून बघा. कचरा उमटला, किंवा ओळ निवडताच येत नसेल, तर ती फाइल देऊ नका. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या, मोठा तक्ता असेल तर अर्धा-अर्धा. मग प्रश्न न विचारता फक्त म्हणा, "हे पान जसंच्या तसं उतरवून दे." उतरवलेलं कागदाशी ताडून बघा, विशेषतः आकडे: ३ आणि ६, १ आणि ९ यांची अदलाबदल होते. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. दुरुस्त केलेला मजकूर हाच तुमचा आधार.

आता तो मजकूर (ओळी आधीच नीट उमटल्या असतील तर ती फाइलच) नव्या चॅटमध्ये टाकून लिहा: "फक्त या मजकुरावरून उत्तर दे. प्रत्येक आकड्याखाली मूळ वाक्य दे. मजकुरात नसेल तर 'नाही' म्हण."

लगेच एक खोटा प्रश्न टाका. आंब्याच्या पत्रकावरून काजूची मात्रा विचारा. "नाही" आलं तरच पुढे जा. आकडा आला तर सूचना पुन्हा लिहा आणि परत विचारा.

काजूचं पत्रक लावायचं तर चॅट वेगळी उघडा. एकाच चॅटमध्ये दोन्ही घातली की आंब्याचे आकडे काजूत शिरतात.