कोशिगोएला जाण्याआधी दिवाळ्याला जा

जपानला निघालेलं कोणी "फोटोंसाठी काही टिप्स दे ना" म्हणालं, की मी त्यांना दिवाळे कोळीवाड्यात जाऊन यायला सांगते. बेलापूर स्टेशनवरून रिक्षा मिळते. लोकांना वाटतं मी टाळतेय.

मी ११ वर्षं नवी मुंबईत लग्नांचे फोटो काढते. या धंद्यात तोंड सतत चालू लागतं. "काकू, जरा आत सरका." "नवरदेव, हसा की." माणसं आपण सांगू तशी उभी राहतात, याची सवय होऊन जाते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत धाकट्या भावाकडे योकोहामाला १६ दिवस राहिले आणि पहिल्या चार दिवसांचे जवळजवळ सगळे फोटो वाया गेले, ते या सवयीपायी. "इकडे बघा" म्हणायची सोय नव्हती, आणि न म्हणता माणसांचे फोटो कसे काढायचे ते मी विसरले होते. परत आल्यावर दिवाळ्याला जाऊन शिकले. तुम्ही उलट करा, पैसे वाचतील.

सकाळी सहाला जेट्टीवर पोचा. झूम घरी ठेवा, ३५ मिमीची एकच लेन्स घ्या. मोबाइल असेल तर बोटांनी झूम करायचं नाही एवढं पथ्य पाळा. एक जागा निवडा आणि तासभर तिथून दहा पावलांपलीकडे हलू नका. पहिली वीस मिनिटं सगळे तुमच्याकडेच बघतील. कोणीतरी मावशी विचारेलच, "काय गो, पेपरवाली काय?" खरं ते सांगा. मासळी घ्यायची नसेल तर भाव विचारू नका, त्याचा राग येतो. मग त्यांचा तुमच्यातला रस संपतो आणि जो तो आपल्या कामाला लागतो. फोटो तिथून पुढे सुरू होतात. बर्फ फोडणारा हात, टोपलीखाली ठेवलेली चुंबळ, जाळं शिवताना पायाच्या अंगठ्यात अडकवलेला दोरा. चेहरे शेवटी, आणि विचारून.

हे चार-पाच रविवार जमलं की कोशिगोए सोपं जातं.

कोशिगोए हे जपानच्या कामाकुरा शहरातलं मासेमारीचं छोटं बंदर. तिथे एनोदेन नावाची छोटी रेल्वे जाते. १९०२ साली सुरू झालेली, सगळी मिळून दहा किलोमीटर. कोशिगोए आणि एनोशिमा या दोन स्टेशनांच्या मधे ती चक्क रस्त्यावरून धावते, मोटारी आणि सायकलींच्या बरोबरीने, दुकानांच्या दारांना खेटून. कोशिगोएचा फलाट इतका आखूड आहे की चार डब्यांच्या गाडीतल्या एका डब्याची दारं तिथे उघडतच नाहीत. बहुतेक पर्यटक गाडी आली की धडाधड फोटो काढतात आणि गाडीबरोबर निघून जातात. तुम्ही थांबा. गाडी गेल्यावर साधारण मिनिटभराने रस्ता पुन्हा त्या गावाचा होतो. दुकानदारीण झाडू घेऊन बाहेर येते, भाजीची पिशवी लावलेली सायकल रुळांवरून तिरकी निघते, समोरासमोरच्या दारांतल्या दोन आज्या अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं करतात. पुढची गाडी येईपर्यंत काही मिनिटं हातात असतात. उन्हात १/२५० शटर, एफ ८, आणि फोकस आधीच तीन मीटरवर लावून ठेवा. कॅमेरा डोळ्याला लावून चाळे करत बसाल तर त्या आज्या आत जातील.

जवळच, कामाकुरा-कोकोमाए स्टेशनापाशी, ॲनिमेमुळे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेमुळे, जगप्रसिद्ध झालेलं रेल्वे फाटक आहे. मी गर्दी बघितली आणि पुढे गेले. लग्नात जेवणाची रांग बघते तेवढी पुरे.

ऋतूचं मात्र माझं चुकलं. कोशिगोएला शिरासु मिळते, आपल्या जवळ्यासारखी दिसणारी बारीक मासळी, म्हणजे माशांची पिल्लं. ती मोठ्या कढयांतून वाफाळत उकडतात, त्याचे फोटो मला हवे होते. पण त्या किनाऱ्यावर जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत शिरासुची मासेमारी बंद असते. मी गेले फेब्रुवारीत! आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात, हे सगळं लहानपणापासून माहीत. तरी तिथल्या समुद्रालाही सुट्टी असेल हे डोक्यात आलं नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या गावात काय पकडतात आणि ते कधी बंद असतं, एवढं शोधाच. हिवाळ्याचा फायदा एकच, पण मोठा: त्या बाजूची हवा कोरडी आणि स्वच्छ असते, एनोशिमा बेटापलीकडे फुजी पर्वत दिसतो. सूर्य मात्र साडेपाचच्या आसपासच मावळतो. जूनमध्ये उलट, पहाट साडेचारलाच होते. पण तेव्हा पाऊस आणि हायड्रेंजियाची फुलं बघायला आलेल्यांची झुंबड.

परवानगीचं. "सुमिमासेन" (माफ करा) म्हणून कॅमेरा किंचित उचलून दाखवायचा. समोरच्याने हाताची फुली केली तर नाही. "चोत्तो..." (जरा...) म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तरी नाहीच, आपल्याकडच्या "बघू"सारखं ते. शाळेच्या मुलांचे चेहरे काढू नका. क्योटोत गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खाजगी गल्ल्यांमध्ये तर फोटो काढल्यास १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, चोरून फोटो काढले जाऊ नयेत म्हणून. आपले इकडून नेलेले फोन मुके असतात, त्यामुळे जास्तच जपा.

माणसं नाहीत तिथे वस्तू बघा. बाल्कनीत मोठ्या चिमट्यांनी अडकवलेल्या गाद्या. बांबूसारख्या दांडीत बाहीतून ओवलेले शर्ट. आमच्या सोसायटीत बाहेर साधा टॉवेल दिसला की नोटीस येते. खांबांवर ही जागा समुद्रसपाटीपासून किती मीटर उंच आहे ते लिहिलेल्या पाट्या, त्सुनामीसाठी. त्या पाटीखालून कोणी निवांत कुत्रा फिरवताना दिसला तर थांबाच. आणि घरांसमोर ओळीने ठेवलेल्या पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या. मांजरं येऊ नयेत म्हणून! ठाण्यात माझी मामी कुत्र्यांसाठी लाल पाण्याची बाटली ठेवते. मांजरं आणि कुत्रे दोन्ही देशांत सारखेच बेफिकीर आहेत.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, जोडीची बॅटरी आतल्या खिशात ठेवा. बाहेरून गरम दुकानात शिरताच लेन्सवर धुकं धरतं. मे महिन्यात एसी गाडीतून उतरल्यावर होतं तेच, फक्त उलट्या दिशेने. आत जाण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि अर्धा तास पिशवी उघडू नका. खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलू नका. बाकी सामानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शेवटचे दोन दिवस मी इनेला गेले. क्योटो प्रांतातच, पण उत्तरेच्या किनाऱ्यावर. आमानोहाशिदातेहून बसने तासभर. तिथे खाडीच्या काठाने सुमारे २३० फुनाया आहेत, खाली होडी आणि वर माणसं अशी लाकडी घरं. बर्फ पडत होतं. बर्फात कॅमेरा फसतो, सगळं करडं येतं, म्हणून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्या. मला तिथला एक फोटो फार आवडला होता: काळं पाणी, पांढरी छपरं, एकच दिवा.

परत आल्यावर प्रिंट काढून दिवाळ्याला नेले. ज्या मावशींच्या शेजारी मी हल्ली बसते त्यांनी हात पुसून तो फोटो घेतला, नीट बघितला आणि विचारलं, "नि ओहोटीला होरी कुठं जाते?"

मला सांगता येईना. दोन दिवस तिथे राहून हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आपल्या खाडीत उधाणाला चार मीटरच्या वर पाणी चढतं-उतरतं, ओहोटीला होड्या चिखलात कलंडतात. घरी येऊन वाचलं, तर जपानच्या त्या बाजूच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर. शिवाय तिथल्या खाडीच्या तोंडावर आओशिमा बेट आडवं, म्हणून लाटाही आत येत नाहीत. म्हणूनच पाण्याला टेकून घरं बांधता आली. मग माझे फोटो पुन्हा काढून बघितले. एका फोटोत भिंतीवर पाण्याची ओली रेघ होती, पाण्यापासून वीतभर उंच. तो मी बाद केला होता.

आता निवड करण्याआधी प्रिंट मावशींकडे जातात. मंगळवार सोडून, त्या दिवशी धंदा कमी म्हणून त्या येत नाहीत.