रिंगा आधी बोअरमध्ये मोजा, मगच पिस्टनवर चढवा

प्रीमियर पद्मिनी गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन घरी खोललं असेल, तर नव्या रिंगा पाकिटातून थेट पिस्टनवर चढवू नका. एकेक रिंग बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्या गोल पोकळीत वरखाली होतो तिच्यात, ठेवा, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि रिंगेच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. मॅन्युअल हाताशी नसेल तर ढोबळ हिशेब असा: दर १०० मिमी बोअरला ०.३५ मिमी, म्हणजे ६८ मिमीला सुमारे ०.२५. फट कमी पडली तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि बोअरला ओरखडे पडतात. बारीक कानशीने एकच टोक घासा, तेही बाहेरून आत. उलट घासलं तर रिंगेवरचा क्रोमचा थर उडतो.

जुन्या बोअरमध्ये हीच फट एकदा वरच्या झिजलेल्या जागी आणि एकदा तळाशी, अशी दोनदा मोजा. दोन्हींतल्या फरकाला ३.१४ ने भागा. ०.३० चा फरक निघाला तर बोअर वर जवळपास ०.१० मिमी रुंदावलाय. अशा बोअरमध्ये नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. बोअरिंगच करून घ्या, म्हणजे बोअर मोठ्या मापाला कापून घ्या.

होनिंगनंतर, म्हणजे बोअर आतून दगडाने घासल्यावर, धुवायला रॉकेलवर भागवू नका, दगडाची भुकटी मागे राहते. गरम पाणी आणि साबणाने घासा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. साताऱ्याच्या पावसाळी हवेत बोअरच्या उघड्या बिडाला (ओतीव लोखंडाला) बघता बघता तांबूस झाक येते, म्हणून पुसल्या पुसल्या इंजिन ऑइल चोळा.