न्यू जर्सीत मूल गाडी चालवू लागलं की विम्याचं काय करायचं

भारतातून शाळकरी मुलांना घेऊन एडिसन, प्लेन्सबरोकडे आलेल्या घरांत हे ठरलेलं आहे. मूल 17 वर्षांचं होतं, लायसन्स आणतं आणि पुढच्या रिन्यूअलचा आकडा बघून आईबाबांना धडकी भरते. मग मंडळाच्या गणपतीत कुणीतरी कानात सांगतं, "अहो, त्याचं नावच घालू नका पॉलिसीत, कोण बघतंय!" कृपा करून हा सल्ला ऐकू नका. घरातल्या लायसन्सधारी प्रत्येकाची माहिती कंपनीला द्यावीच लागते. लपवलंत आणि मुलाच्या हातून गाडी ठोकली गेली, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. एकदा रद्द झाली की दुसरी कंपनी सहज उभं करत नाही, केलं तरी भाव चढा लावते. सांगणारे काका तेव्हा वकिलाचं बिल भरायला येत नाहीत.

परमिट (शिकाऊ परवाना) हातात पडलं की लगेच एजंटला कळवा. बऱ्याच कंपन्या परमिटच्या काळात जादा पैसे घेत नाहीत. प्रीमियम उडी मारतो तो प्रोबेशनरी लायसन्स (नवशिक्यांचं पहिलं, अटी असलेलं लायसन्स) आल्यावर. मुलासाठी वेगळी पॉलिसी जवळजवळ नेहमीच महाग पडते, आपल्याच पॉलिसीत घाला. नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावा, नाहीतर 100 डॉलर दंड.

आता पैसे कुठे वाचतात ते. शाळेत सरासरी बी ग्रेड किंवा 3.0 जीपीए (ग्रेडची सरासरी) असेल तर गुड स्टुडंट सवलत मिळते, पण ती आपोआप लागत नाही. प्रगतिपुस्तक पाठवावं लागतं, आणि पुढेही मागितलं की पुन्हा. मूल गाडी न नेता 100 मैलांपलीकडे कॉलेजला गेलं तर त्याची सवलत वेगळी. 6 तासांचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग (अपघात टाळून गाडी चालवण्याचा) कोर्स आईबाबांनीही करावा: राज्याच्या कायद्यानेच 3 वर्षं सवलत द्यावी लागते. मुलाला जुनी, साधी सेडान द्या. कोलिजन (टक्करीत आपल्या गाडीचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, झाड पडणं वगैरे) या दोन भागांचा वर्षाचा प्रीमियम गाडीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त होत असेल, तर त्या गाडीवरून दोन्ही काढून टाका. डिडक्टिबल (क्लेममध्ये आधी आपण भरायची रक्कम) 500 वरून 1,000 डॉलर केलंत तर तेवढे पैसे बँकेत हवेत. मोबाइल अॅपवाली (गाडी कशी चालवता ते अॅपने बघून दिलेली) सवलत घेण्याआधी एवढं विचारा: जोरात ब्रेक मारले, रात्री उशिरा गाडी चालवली, तर दर वाढतो का?

लायबिलिटीत (आपल्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा भाग) मात्र काटकसर नको. 1 जानेवारी 2026 पासून इथली किमान मर्यादा 35/70/25 आहे. म्हणजे एका जखमी माणसामागे 35 हजार, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून 70 हजार, आणि समोरच्याच्या गाडीला वा मालमत्तेला 25 हजार डॉलर. इथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे 35 हजार म्हणजे काहीच नाही; उरलेलं तुमच्या घरावर आणि पगारावर येतं. नवशिका ड्रायव्हर घरात असताना 250/500 (म्हणजे जखमींसाठीच्या मर्यादा अडीच लाख आणि पाच लाख) घ्या आणि वर दहा लाख डॉलरची अंब्रेला पॉलिसी, म्हणजे या मर्यादा संपल्यावर पुढचं भरणारी. "आम्हाला तर महिन्याला एवढेच पडतात" असं कुणी म्हणालं, तर त्यांच्या डिक्लेरेशन पेजवरचे (पॉलिसीचा गोषवारा असलेल्या पानावरचे) हे तीन आकडे विचारा. मर्यादा सारख्या नसतील तर त्या तुलनेला अर्थ नाही. कोट (विम्याचा भाव) मागतानाही आपलं तेच पान पुढे ठेवा आणि हुबेहूब त्याच मर्यादांवर, त्याच डिडक्टिबलवर 4-5 ठिकाणी भाव काढा, रिन्यूअलच्या तीनचार आठवडे आधी. इथे कंपन्या क्रेडिटही (कर्जं, बिलं वेळेवर फेडल्याची नोंद) बघतात. नवीन आलेल्यांचं ते कोरं असतं, म्हणून वर्षभराने पुन्हा भाव काढाच.

अपघातातल्या आपल्या उपचारांचा भाग म्हणजे पीआयपी. त्यात हेल्थ इन्शुरन्सला पहिला मान दिला, म्हणजे उपचाराचा खर्च आधी त्याने द्यायचा असं निवडलं, तर प्रीमियम कमी होतो. पण आधी तुमच्या नोकरीच्या ठिकाणच्या एचआरकडून लेखी घ्या की तुमचा हेल्थ प्लॅन गाडीच्या अपघाताचा खर्च देतो. नोकरी गेली, प्लॅन गेला, तर त्याच दिवशी एजंटला सांगून ही निवड बदला.

आणि उन्हाळ्यात दोन महिने भारतात जाताना विमा बंद करू नका. गाडी ड्राइव्हवेत उभी असली तरी रजिस्ट्रेशन आहे तोवर विमा लागतो, आणि मध्ये पडलेला खंड पुढच्या प्रत्येक कोटमध्ये दिसतो. ऑटोपेवरचं कार्ड तेवढ्यात संपत नाही ना, हे निघायच्या आधी बघून घ्या.