हॉट रॉडसाठी जुनं फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८ कसं ओळखावं, कसं विकत घ्यावं

१९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन घातलं, म्हणजे इंग्रजी V च्या आकारात दोन ओळींत आठ सिलिंडर. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी ते जुन्या, हलक्या फोर्डमध्ये बसवलं, मडगार्डं उतरवली आणि म्युरॉकच्या कोरड्या तलावावर गाड्या पळवल्या. अशा गाड्या म्हणजेच हॉट रॉड. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, म्हणजे सिलिंडर असलेल्या बिडाच्या मुख्य ओतीव भागातच, असल्यामुळे हेड (वरचं झाकण) सपाट, म्हणून नाव फ्लॅटहेड. अमेरिकन फोर्ड गाड्यांत ते १९५३पर्यंत येत राहिलं. आजही ते शेतावरच्या गोदामात, कुणाच्या गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरात भरणाऱ्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सापडतं.

जाताना एक गोष्ट मनाशी पक्की करा: तुम्ही ब्लॉक विकत घ्यायला निघाला आहात. पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह सगळं नवं मिळतं. तडा नसलेला ब्लॉक मात्र शोधावाच लागतो.

आधी हेड ब्लॉकला आवळणारे स्टड (आटे असलेल्या सळया) मोजा. एका हेडवर २१ असतील तर इंजिन १९३२ ते ३८च्या दरम्यानचं. २४ असतील तर १९३८च्या मध्यानंतरचं. १७ भरले तर ते ६० अश्वशक्तीचं धाकटं भावंड, १३६ घनइंचाचं. दिसायला देखणं असतं, पण जोर हवा असेल तर ते घेऊ नका.

मग मागे जा. क्लचच्या घराचा वरचा भाग ब्लॉकसोबतच ओतलेला असेल तर इंजिन १९४८ किंवा त्याआधीचं. त्या भागावर ‘५९’ हा उठावाचा आकडा दिसला तर थांबा. युद्धानंतरच्या फोर्डमधला हा २३९ घनइंचाचा ब्लॉक हॉट रॉडवाल्यांचा लाडका आहे. क्लचचं घर वेगळं, बोल्टने जोडलेलं असेल तर इंजिन १९४९ ते ५३चं. त्याचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) पुढे उजवीकडे उभा असतो. आधीच्या इंजिनांत तो पुढच्या बाजूला कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला बसतो. फक्त हेड पाहून साल ठरवू नका, गेल्या सत्तर वर्षांत हेडांची अदलाबदल खूप झाली आहे.

विकणारा हमखास म्हणेल, “मर्क्युरीचं आहे.” मर्क्युरी ही फोर्डचीच दुसरी, वरच्या दर्जाची गाडी. १९४९ ते ५३च्या मर्क्युरीत ४ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली चालीचा) क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, होता, त्यामुळे इंजिन २५५ घनइंच झालं आणि किंमतही चढली. हेड उतरवलेलं असेल तर क्रँक फिरवून पिस्टन वरपासून खालपर्यंत किती जातो ते मोजा. ९५ मिलिमीटर भरलं तर क्रँक साध्या फोर्डचा, १०१-१०२ भरलं तर मर्क्युरीचा.

बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यासही मोजा. २३९चा मूळ बोअर ३ इंच दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तो ३ इंच अडीच सुतापर्यंत वाढवलेला असेल तर पुन्हा कापायला फारसं बीड उरलेलं नाही.

आता तडे. इथे घाई करू नका. या इंजिनात एक्झॉस्टचा गरम वायू ब्लॉकच्या पोटातून बाहेर जातो, प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांचा तर एकाच वाटेने. त्यामुळे इंजिन गार ठेवणारं पाणी तापतं आणि बीड तडकतं. सोबत टॉर्च, तारेचा ब्रश, रॉकेल, फडकं आणि खडूची पूड न्या. व्हॉल्व्हच्या सीटभोवतीचं (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कडेभोवतीचं) किटण घासून काढा, रॉकेल लावा, थोडा वेळ थांबून खडखडीत पुसा आणि वर खडू चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते.

पाण्याच्या भोकापासून स्टडच्या भोकापर्यंतची छोटी रेघ बहुतेक वेळा दुरुस्त होते. सीटपासून सिलिंडरमध्ये उतरणारी रेघ दिसली तर सरळ परत फिरा. बाहेरच्या भिंतीही पाहा. थंडीत आत राहिलेलं पाणी गोठून फुटलेले ब्लॉक पुष्कळ आहेत.

माझा पहिला ब्लॉक ताज्या हिरव्या रंगात चकाकत होता. मी रंग खरवडला नाही. वर्कशॉपमध्ये तीन सीटांपासून बोअरपर्यंत तडे निघाले आणि विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. तेव्हापासून मी ताज्या रंगाच्या ब्लॉकपेक्षा किटण चढलेला ब्लॉक आधी पाहतो. जाम झालेलं इंजिनही मला चालतं, पिस्टन काढता येतात.

पैसे देताना पावतीवर लिहून घ्या: चुंबकीय भुकटीच्या किंवा पाण्याच्या दाबाच्या चाचणीत ब्लॉक तडकलेला निघाला तर ठरलेल्या दिवसांत तो परत घेतला जाईल. विकणारा याला तयार नसेल तर भंगाराच्या भावाच्या वर जाऊ नका. ब्लॉकवरचे आकडेही पावतीत लिहा, गाडीच्या नोंदणीच्या वेळी ती दाखवावी लागू शकते.

निघण्याआधी क्रँकला धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅप जागेवर आहेत ना ते बघा. त्या ब्लॉकसोबतच कापलेल्या असतात, दुसऱ्या ब्लॉकच्या आणून बसवल्या तर सगळी रांग पुन्हा कापावी लागते. खालचं तेलाचं पॅन, पुल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड त्याच भावात मागून घ्या. अख्खं इंजिन अडीचशे किलोच्या आसपास भरतं, तेव्हा उचलायला साखळीचा कप्पी-हॉइस्ट आणि दोन माणसं घेऊनच जा.