नुरुनुरु, नेबानेबा आणि न्योरोन्योरो : जपानी शिकून काइगोच्या कामाला जाणाऱ्यांसाठी

जपानीचा अभ्यास एन-३ च्या, म्हणजे जपानी भाषा परीक्षेच्या पाच पातळ्यांतील मधल्या पातळीच्या, आसपास पोहोचला की 'गिताइगो' या शब्दवर्गाशी विद्यार्थ्यांची खरी गाठ पडते. आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना 'गिओन्गो' म्हणतात. ज्या गोष्टीला आवाजच नसतो तिचा स्पर्श, चमक किंवा हालचाल ध्वनीतून उभी करणाऱ्या शब्दांना 'गिताइगो' म्हणतात. परीक्षेत या शब्दांना गुण थोडे असतात, म्हणून पुण्या-मुंबईतील बरेच विद्यार्थी त्यांची यादी एकदा वाचून पुढे जातात. काइगोच्या, म्हणजे वृद्धसेवेच्या कामात मात्र हेच शब्द दिवसभर कानांवर पडतात. एप्रिल २०१९ पासून 'तोकुतेइ गिनो' या निवासपरवान्यात काइगोचा समावेश झाला असून आपल्याकडूनही तरुण मंडळी या कामासाठी जाऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी निसरड्या स्पर्शाचे आणि वळवळणाऱ्या हालचालीचे शब्द मी येथे थोडे सविस्तर मांडते.

मराठीत गुळगुळीत आणि बुळबुळीत या दोन शब्दांवर आपले बरेचसे भागते, पण जपानीत तेवढ्याच प्रदेशात निदान पाच शब्द नांदतात. 'त्सुरुत्सुरु' हा पृष्ठभागाचा स्वतःचा गुण आहे : घासून लखलखीत केलेली बशी, टक्कल, हिवाळ्यात साप्पोरोच्या रस्त्यांवर जमणारा बर्फ. 'सुबेसुबे' म्हणजे हात फिरवताना सुख देणारा मऊ गुळगुळीतपणा. तो बहुधा त्वचेबद्दल किंवा कापडाबद्दल बोलताना येतो. 'नुरुनुरु'मध्ये हात आणि वस्तू यांच्या मध्ये द्रवाचा पातळ थर असतो, जसा ईल माशाच्या अंगावर किंवा साबण नीट न धुतलेल्या फरशीवर असतो. 'नेबानेबा' पदार्थाला तार सुटते. 'बेताबेता' पदार्थ हाताला चिकटतो आणि सहज निघत नाही. घाम आणि सांडलेला पाक या वर्गातले. म्हणून शब्द निवडताना स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात : निसरडेपणा वस्तूचा आहे की तिच्यावरच्या थराचा, आणि तो थर हात सोडतो की धरून ठेवतो. न्हाणीघराची फरशी नुरुनुरु झाली आहे असे सहकाऱ्याने सांगितले, तर ती आधी धुवायची आणि मगच आजोबांना आत न्यायचे, एवढा अर्थ त्या एका शब्दात असतो.

शब्दाबरोबर बोलणाऱ्याची आवडनिवडही येते, आणि ती आपल्या सवयीप्रमाणे असेलच असे नाही. चिरलेली भेंडी आपल्याला बुळबुळीत वाटते, म्हणून आपण ती कोरडी करून परततो. जपानमध्ये तीच भेंडी नेबानेबा असते आणि नात्तो (आंबवलेले सोयाबीन) व किसलेला यामाइमो कंद यांच्यासोबत भातावर घेऊन चवीने खाल्ली जाते. खाद्यपदार्थाच्या पाटीवर नेबानेबा असे लिहिलेले असेल, तर ते आमंत्रण समजावे. नुरुनुरु हा शब्द एरवी बहुतेक नकोशा स्पर्शासाठी येतो, परंतु गरम पाण्याच्या झऱ्यांच्या बाबतीत त्याचा सूर पालटतो. ज्यांच्या पाण्याचा पीएच ८.५ किंवा त्याहून अधिक असतो, त्या साध्या झऱ्यांना तेथे अल्कधर्मी म्हणून वेगळे नाव आहे. अशा पाण्यात त्वचेवरील तेलाचा किंचित साबण होऊन अंग निसरडे लागते, आणि स्नान करून आलेल्या आजी 'नुरुनुरु'च म्हणतात, पण समाधानाने.

या कुळातला सर्वांत जबाबदारीचा शब्द 'तोरोमी' आहे. तो 'तोरोतोरो' या दाटसर, संथ वाहणाऱ्या द्रवाच्या शब्दाशी जोडलेला आहे. गिळण्यास त्रास होणाऱ्या व्यक्तीच्या घशातून साधे पाणी फार वेगाने उतरते आणि श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून पाण्यात किंवा चहात पूड मिसळून त्याला तोरोमी आणतात. ही तोरोमी पातळ, मध्यम आणि दाट अशा तीन पायऱ्यांत सांगितली जाते. कोणासाठी कोणती पायरी, हे ठरलेले असते. पूड जास्त पडली, तर द्रव बेताबेता होऊन घशाला चिकटतो, म्हणजे ज्या धोक्यासाठी पूड घातली त्याच्या जागी दुसरा धोका उभा राहतो. सहकारी 'थोडे बेताबेता झाले आहे' असे हळू आवाजात म्हणाले, तरी तो पेला पुढे करू नये. तोरोतोरोचाच घोष रूप घेतलेला, म्हणजे 'त'चा 'द' झालेला, भाऊ 'दोरोदोरो' : चिखलासारखा जड आणि बहुधा घाणेरडा. अघोष वर्णाचा शब्द हलका आणि घोष वर्णाचा जड, ही खूण अनेक जोड्यांत उपयोगी पडते.

हालचालीच्या बाबतीत मराठी माणसाला 'वळवळ' एवढा एकच शब्द चटकन सुचतो. 'न्योरोन्योरो' ही साप किंवा ईल यांच्यासारख्या लांब, बारीक अंगाची पुढे सरकणारी चाल आहे. 'कुनेकुने'त अंग डावी-उजवीकडे वळते, पुढे सरकेलच असे नाही, म्हणून नाचणाऱ्याची कंबर आणि अरुंद वळणावळणाचा रस्ता दोन्ही कुनेकुने. मोठ्या, संथ लाटांसारखे चढउतार असले की 'उनेउने'. असंख्य बारीक जिवांची किळसवाणी गर्दी म्हणजे 'उजाउजा', ज्याला आपल्याकडे बुजबुजाट म्हणतात. कामात सर्वाधिक लागतो तो 'मोझोमोझो' : छोटी, मंद, अर्धवट झाकलेली हालचाल, मराठीतील चुळबुळीच्या जवळची. रात्री पांघरुणाखाली मोझोमोझो सुरू झाली, तर शौचास जायचे असेल, कपडा ओला असेल किंवा कुठे दुखत असेल. जवळ जाऊन विचारणे हेच योग्य. 'मुझुमुझु' मात्र खाजेची, आतून जाणवणारी संवेदना आहे, आणि या दोघांत गल्लत होऊ देऊ नये.

रूपांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. 'त्सुरुत्तो' आणि 'सुळकन' यांची घडण एकाच मनाची वाटते, कारण दोन्ही शब्द एकदाच, क्षणात घडणारी क्रिया दाखवतात. जेली घशातून उतरावी तशी किंचित उसळी असेल, तर 'त्सुरुन्'. शब्द नेहमी सोबतच्या क्रियापदासह पाठ करावा : नुरुनुरु सुरु (बुळबुळीत लागणे), त्सुरुत्सुरु नि नारु (गुळगुळीत होणे), न्योरोन्योरो उगोकु (वळवळत हलणे). स्वराघाताकडेही लक्ष द्यावे. 'त्सुरुत्सुरु सुबेरु' (सुळसुळ घसरणे) म्हणताना आघात पहिल्या अक्षरावर असतो, तर 'त्सुरुत्सुरु नि नारु'मध्ये उच्चार सपाट जातो.

अनेक केंद्रांतील नोंदवहीत आधी त्या व्यक्तीचे म्हणणे आणि मग आपले निरीक्षण, असा क्रम असतो. आजी 'पाठीत मुझुमुझु होते' असे म्हणाल्या, तर तो शब्द शुद्ध किंवा शास्त्रीय करू नये. अवतरणचिन्हांत जसाच्या तसा लिहावा आणि खाली पाठीवर काय दिसले, किती वाजता दिसले आणि कोणाला कळवले ते लिहावे.